गर्भस्थ बालकाचे हृदय : वेळीच निदान, वेळीच उपाय

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमांत कळमना येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



ज्या वस्तीत हे व्याख्यान होत आहे, ती वस्ती पारखी माणसांची आहे. कळमन्याच्या बाजार आवारात संत्र्यांचे ढीग, मिरचीची पोती आणि धान्याच्या राशी रोज उतरतात व रोज पारखल्या जातात. मूठभर दाणे तळहातावर घेऊन अडत्या मालाची प्रत सांगतो. कापडाच्या पेढीवर ठाण उजेडाकडे धरून पाहण्याची रीत आहे. कारण कापड कापल्यानंतर विरलेला धागा दिसला, तर त्याचा काहीही उपयोग नसतो. दोष असणे ही एक गोष्ट आणि तो वेळेवर कळणे ही दुसरी, हे व्यापारातील शहाणपण येथे कोणास शिकवावे लागत नाही.

परंतु हेच शहाणपण घरातील गर्भवती सुनेच्या वा लेकीच्या बाबतीत किती घरांत वापरले जाते? आजचा विषय आहे गर्भातील बालकाच्या जन्मजात हृदयदोषांचे सोनोग्राफीद्वारे निदान. येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केलेला बरा. माल पारखला जातो तो घ्यावा की परत करावा हे ठरविण्यासाठी. बालकाचे हृदय पाहावयाचे ते त्याला वाचविण्याची तयारी करण्यासाठी. रफूगरास छिद्र कोठे आहे हे आधी दाखवावे लागते, तेव्हाच त्याची सुई चालते. शल्यचिकित्सकाचेही तसेच आहे.

प्रथम हृदयदोषांचे प्रमाण पाहू. जिवंत जन्मलेल्या दर १००० बालकांपैकी साधारण ८ ते ९ बालकांच्या हृदयाच्या रचनेत जन्मतः काही ना काही दोष असतो. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बालके जन्मास येतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील सुमारे एक पंचमांश बालकांना पहिल्याच वर्षात शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार लागतात. म्हणजे हा दुर्मीळ आजार नव्हे. जन्मजात दोषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या दोषांपैकी तो एक आहे.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच हृदयाची धडधड सुरू होते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याचे चार कप्पे, झडपा व मोठ्या रक्तवाहिन्या यांची मूळ घडण पूर्ण होते. कित्येक स्त्रियांना दिवस गेल्याची खात्री होते न होते तोच हे सूक्ष्म बांधकाम बहुतांशी पार पडलेले असते. त्यात कोठे पडदा अपुरा राहतो, कोठे झडप अरुंद होते, तर कोठे महारोहिणी व फुफ्फुसधमनी यांची जागा परस्परांत बदलते.

मग असे बालक गर्भात नऊ महिने सुखरूप कसे राहते? याचे उत्तर निसर्गाच्या व्यवस्थेत आहे. गर्भात बालक स्वतः श्वास घेत नाही. प्राणवायू त्याला वारेतून व नाळेतून, म्हणजे मातेकडून मिळतो. त्यामुळे फुफ्फुसांकडे जाणारे बरेचसे रक्त दोन वाटांनी वळविलेले असते. एक वाट हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यातून जाते, तर दुसरी ही फुफ्फुसधमनी व महारोहिणी यांना जोडणारी एक छोटी वाहिनी असते. जन्मानंतर पहिला श्वास घेतला की या दोन्ही वाटांचे काम संपते आणि ती जोडवाहिनी काही तासांत अथवा दिवसांत मिटू लागते. निरोगी बालकाला त्याने काही होत नाही. परंतु ज्याचे हृदय त्या वाटेवरच विसंबून होते, त्याचा रक्तपुरवठा तेथेच खुंटतो. जन्मतः गुटगुटीत दिसलेले, रडलेले, दूध प्यायलेले बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकाएकी निळे पडते. घरात धावपळ होते, दृष्ट काढली जाते, आणि जे तास उपचाराचे असतात ते निघून जातात.

अशा बालकासाठी आज उपाय नाहीत असे नाही. प्रोस्टाग्लँडिन नावाचे औषध शिरेतून देऊन ती जोडवाहिनी उघडी ठेवता येते. रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली असल्यास त्या मूळ जागी जोडण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलमधील डॉक्टर जतेने यांनी १९७५ साली प्रथम यशस्वी केली आणि आज ती भारतातही होते. ती बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करावी लागते. उपाय हाती आहेत. अपुरी पडते ती वेळ. म्हणूनच जन्मापूर्वी निदान होण्याला इतके महत्त्व आहे.

हे निदान ज्या यंत्राने होते त्याचा इतिहासही पारखीचाच आहे. धातूच्या ओतकामातील अदृश्य भेगा शोधण्यासाठी कारखान्यांत ध्वनिलहरींची यंत्रे वापरीत असत. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेलमुथ हर्ट्झ यांनी १९५३ साली तशाच यंत्राने जिवंत माणसाच्या हृदयाची हालचाल टिपली. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे डॉक्टर इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९५८ साली पोटातील गाठी व गर्भ ध्वनिलहरींनी दाखविणारा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे १९८० च्या सुमारास लंडनमध्ये डॉक्टर लिंडसे ॲलन यांनी गर्भस्थ हृदयाच्या सोनोग्राफी चित्रांची शरीररचनेशी पद्धतशीर सांगड घातली आणि या शाखेचा पाया दृढ झाला. या तपासणीत क्ष-किरण नसतात, सुई टोचली जात नाही. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा प्रतिध्वनी काय तो पडद्यावर उमटतो.

ही तपासणी केव्हा करावयाची, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजले जातात. पहिली महत्त्वाची सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान होते. त्या वेळी गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजतात; ती अधिक असल्यास हृदयदोषाची शंका घेऊन पुढे बारकाईने पाहावे लागते. दुसरी व मुख्य तपासणी १८ ते २० आठवड्यांची. या वेळी गर्भाचे हृदय एखाद्या लहानशा बोराएवढे असते. तरीही कुशल डॉक्टर त्यातील चार कप्पे, झडपांची उघडझाप आणि हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या पाहू शकतात.

येथे एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. केवळ चार कप्पे ठीक दिसले म्हणजे सारे ठीक, असे नव्हे. रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या हृदयाचे चार कप्पे बहुधा अगदी नीट दिसतात. दोष असतो तो वाहिन्या जेथून निघतात तेथे. म्हणून दोन्ही वाहिन्या पाहिल्या का, हे विचारण्याचा कुटुंबाला अधिकार आहे आणि चांगला डॉक्टर त्या प्रश्नाने रागावत नाही. शंका आल्यास केवळ हृदयाची सविस्तर तपासणी करतात. तिला फीटल इको म्हणतात.

मातेला गर्भधारणेपूर्वीपासून मधुमेह असेल, आई-वडिलांपैकी कोणास अथवा आधीच्या अपत्यास जन्मजात हृदयदोष असेल, गर्भारपणाच्या आरंभी रुबेला झाला असेल किंवा फिटसारख्या आजाराची काही विशिष्ट औषधे चालू असतील, तर फीटल इको अवश्य करून घ्यावी. परंतु हृदयदोष असलेली बहुसंख्य बालके अशा कोणत्याही कारणाविना, धडधाकट मातांच्या पोटी जन्मतात. 'आमच्या घराण्यात कोणालाच नाही' हे वाक्य त्यामुळे ढाल होऊ शकत नाही.

वेळीच निदानाने प्रत्यक्षात काय साधते? पॅरिसमधील डॉक्टरांनी रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बालकांचा दहा वर्षांचा अनुभव १९९९ साली प्रसिद्ध केला. ज्या ६८ बालकांचे निदान जन्मापूर्वी झाले होते, त्यांतील एकही शस्त्रक्रियेपूर्वी वा शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात दगावले नाही. ज्या २५० बालकांचे निदान जन्मानंतर झाले, त्यांतील १५ बालके शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलीच नाहीत आणि पुढे शस्त्रक्रियेनंतर आणखी २० दगावली. आजार तोच, उपचार तेच. फरक होता तो आधी कळण्याचा.

आता महाराष्ट्रातील एका घटनेकडे वळू. ती सांगताना मन जड होते. परंतु तिच्यावाचून हा विषय पुरा होत नाही. सन २००८ मध्ये मुंबई परिसरातील निकेता व हरेश मेहता या दांपत्यास गर्भारपणाचे २० आठवडे उलटल्यानंतर कळले की, बालकाच्या हृदयात पूर्ण 'हार्ट ब्लॉक' आहे. म्हणजे वरच्या कप्प्यांचा विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नव्हता. जन्मताच बालकाला पेसमेकर बसवावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हाचा कायदा १९७१ चा. त्यानुसार २० आठवड्यांनंतर, मातेचा जीव वाचविण्यासाठी तातडीची गरज असल्याखेरीज, गर्भपातास परवानगी नव्हती. डॉक्टर निखिल दातार यांच्यासह हे दांपत्य मुंबई उच्च न्यायालयात गेले. जे. जे. रुग्णालयातील तज्ज्ञांचे मत मागविण्यात आले. ४ ऑगस्ट २००८ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. कायद्यात बदल करणे हे विधिमंडळाचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे, अशी त्यामागील भूमिका होती. त्याच महिन्यात निकेताबाईंचा गर्भ नैसर्गिकरीत्या पडला.

त्या काळात देशभर दोन तट पडले. कोणी मातेच्या वेदनेची बाजू घेतली, कोणी न जन्मलेल्या जीवाची. अहिंसा हा ज्यांच्या आचाराचा पाया आहे, अशा घरांत तर हा प्रश्न अधिकच टोचला. आज त्या दांपत्याचा न्याय करीत बसण्याचे कारण नाही. ज्यावर ओझे पडते त्यालाच त्याचा भार कळतो. तथापि, त्या घटनेतून एक धडा निर्विवाद निघतो. निदान उशिरा झाले की माणसासमोरचे रस्ते कमी होतात, आणि मग घरातील निर्णय न्यायालयाच्या दारी जाऊन उभा राहतो.

कायद्याचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. संसदेने २०२१ साली १९७१ च्या कायद्यात दुरुस्ती केली आणि ती २४ सप्टेंबर २०२१ पासून अमलात आली. आता गर्भात गंभीर स्वरूपाचा दोष आढळल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि त्यानंतर शासनाने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाच्या मताने निर्णय होऊ शकतो. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मंडळाने मत द्यावयाचे असते. मंडळात बालरोगतज्ज्ञ असतो, कारण दोष दुरुस्त होण्याजोगा आहे किंवा कसे, हा प्रश्न प्रथम विचारला जावा. निदान म्हणजे निर्णय नव्हे. कित्येक हृदयदोष असे आहेत की एका शस्त्रक्रियेनंतर ते मूल शाळेत जाते, खेळते आणि संसारही करते. अहवाल हाती पडताच घाबरून कोणताही निर्णय घेऊ नये. आधी बालहृदयरोगतज्ज्ञाशी बोलावे, नंतर आई-वडिलांनी शांतपणे ठरवावे.

सोनोग्राफीचे नाव निघाले की एक अप्रिय इतिहासही आठवतो. याच यंत्राचा उपयोग मुलगा की मुलगी हे पाहून मुलींना नाहीसे करण्यासाठी झाला. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्ध १९८८ साली देशात प्रथम कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर १००० मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. हे आकडे सुशिक्षित व सधन समाजालाही मान खाली घालावयास लावणारे आहेत. सोनोग्राफीच्या खोलीत गर्भाचे हृदय विचारावे, लिंग विचारू नये. लिंग विचारणे गुन्हा आहे, आणि गुन्ह्यापलीकडे ते पाप आहे. मात्र या कायद्याच्या धाकाने सोनोग्राफीच टाळणे हेही तितकेच चुकीचे; कायद्याने आजाराच्या निदानास कधीही मनाई केलेली नाही.

आता या परिसरापुरते काही बोलणे. कळमन्याच्या बाजारात राबणाऱ्या हमाल बांधवांची व मजूर भगिनींची कुटुंबे विदर्भातील खेड्यांतून, तशीच मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही आलेली आहेत. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत गरीब घरात आहे तशीच पेढीवाल्यांच्या घरातही आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली जाते, लेक माहेरी जाते आणि तपासणीची फाईल नागपुरातच कपाटात राहते. रीत मायेची आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु बाळाच्या हृदयात दोष आढळला असेल, तर मायेनेच ती रीत बाजूला ठेवली पाहिजे. जेथे नवजात बालकाच्या हृदयाचे उपचार होतात अशा शहरात, अशा रुग्णालयाजवळ प्रसूती व्हावी. जन्मलेल्या निळ्या बाळाला खेड्यातून रुग्णवाहिकेने आणण्यापेक्षा आईच्या पोटातूनच त्याला योग्य ठिकाणी आणणे सर्वांत सुरक्षित, कारण गर्भाशयासारखे वाहन माणसाने अद्याप बनविलेले नाही. लेक माहेरी जाणारच असेल, तर तिच्या साडीच्या घडीबरोबर ती फाईलही जावी.

खर्चाची चिंता खरी आहे. परंतु तिच्यावर मार्गही आहेत. शासकीय रुग्णालयांत गर्भवतींच्या आवश्यक तपासण्या २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य आहेत. नागपुरात डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय, मेयो आणि मेडिकल ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय केंद्रांत गर्भवतींची विशेष मोफत तपासणी होते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा आरंभ २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथूनच झाला आणि जन्मजात हृदयदोष त्यात समाविष्ट आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हृदयशस्त्रक्रियांना साहाय्य मिळते. नागपूरहून रेल्वेने सुमारे ३०० किलोमीटरवर असलेल्या नवा रायपूर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालकांच्या हृदयावर विनामूल्य शस्त्रक्रिया केल्या जातात. हे सर्व कागदपत्रांवर चालते. म्हणून आधार कार्ड, शिधापत्रिका आणि तपासणीचे अहवाल नवव्या महिन्याची वाट न पाहता तयार ठेवावेत.

सोनोग्राफीच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. पडद्यातील बारीक छिद्र गर्भात दिसत नाही. वर ज्या दोन वाटांचा उल्लेख आला, त्या गर्भात उघड्याच असतात. त्या पुढे मिटतील की नाही हे आधी सांगता येत नाही. मातेचे वजन अधिक असेल वा बाळ आडवे असेल, तर चित्र धूसर येते आणि पुन्हा बोलवावे लागते. म्हणून जन्मानंतर, घरी सोडण्यापूर्वी, बाळाच्या हातापायाला लहानसे यंत्र लावून रक्तातील प्राणवायू मोजून घ्यावा. काही मिनिटांची, वेदनारहित अशी ही तपासणी सोनोग्राफीतून निसटलेले कित्येक दोष पकडते.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांस एक विनंती. अहवालात दोष निघाला की सुनेकडे बोट दाखविण्याची घाई होते. तिने ग्रहण पाहिले, तिने अमुक खाल्ले, तिच्या माहेरचे रक्त असे! ग्रहणाने हृदयाचे पडदे विरत नाहीत. बहुतेक दोषांचे नेमके कारण वैद्यकशास्त्रालाही सापडत नाही; मग ते सासूबाईंना कोठून सापडणार? रुबेलाची लस, गर्भधारणेपूर्वी मधुमेहावर नियंत्रण, डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि तंबाखू-मद्यापासून दूर राहणे एवढे मात्र हाती आहे. बाकी त्या लेकीला दोष देऊ नये, धीर द्यावा. तपासणीच्या दिवशी दुकान दोन तास उशिरा उघडले तरी चालेल. नवऱ्याने तिच्याबरोबर जावे आणि सासऱ्याने पैशाचा विषय काढू नये.

पेढीवर रोज सायंकाळी रोजमेळ लिहिला जातो. आजची चूक आज सापडली तर एका ओळीत दुरुस्त होते; वर्षअखेरीस सापडली तर सारी वही चाळावी लागते. ज्या घरी पाळणा हलावयाचा आहे, त्या घराने एवढेच लक्षात ठेवावे की १८ ते २० आठवड्यांची तपासणी चुकवू नये, तीत बाळाचे हृदय नीट पाहिले का हे विचारावे, आणि कळले ते वेळेवर तज्ज्ञापर्यंत न्यावे. या वस्तीतील एक बाळ जरी या माहितीमुळे योग्य ठिकाणी, योग्य वेळी जन्मास आले, तरी सुवर्णमहोत्सवाचा हा दिवस सार्थकी लागला असे म्हणता येईल.